पोलंडचं सरकार कुणी पाडलं? ‘भाबड्या कामगारां’ना उत्तर

निळी शाई

परवा, १९८९ ला पूर्व युरोपातली कम्युनिस्ट सरकारं गेली, त्यावरच्या चर्चेत ‘रात्रपाळी’ यांनी लिहिलं: “पूर्व युरोपातली सरकारं पडली नाहीत, पाडली गेली. पोलंडमध्ये पोपने आशीर्वाद दिला, सीआयएने पैसा पुरवला, गोर्बाचोव्हने हात वर केले आणि भाबड्या कामगारांनी स्वतःचंच राज्य मोडून दिलं.” त्याखाली सहमतीची रांग लागली. मी तिथे दोन ओळी लिहून गप्प बसले, पण ते ‘भाबड्या’ काही डोक्यातून जाईना. म्हणून वेगळा धागा.

७ ऑगस्ट १९८० ला ग्दान्स्कच्या लेनिन जहाज कारखान्यातून आन्ना वालेंतिनोविच या बाईंना काढून टाकलं. आधी वेल्डर, मग क्रेनचालक. १९५० पासून त्याच गोदीत. निवृत्तीला पाच महिने उरले होते. गुन्हा काय, तर सरकारच्या ताब्यात नसलेली युनियन हवी म्हणायच्या आणि १९७० साली मारल्या गेलेल्या कामगारांसाठी दरवर्षी फुलं-मेणबत्त्या जमवायच्या. १९७० च्या डिसेंबरात, ऐन नाताळाच्या तोंडावर, सरकारने खाण्यापिण्याचे भाव वाढवले, किनाऱ्यावरच्या शहरांतले कामगार रस्त्यावर आले आणि लष्कराने गोळ्या घातल्या. चाळीसच्या वर माणसं गेली. मारणारं सरकार कामगारांचं, मेलेले कामगार.

१४ ऑगस्टला गोदी बंद पडली. मागण्या साध्या होत्या: आन्नाबाईंना परत घ्या, चार वर्षांपूर्वी काढलेल्या वालेसा नावाच्या इलेक्ट्रिशियनला परत घ्या, पगार वाढवा, सत्तरच्या मृतांचं स्मारक बांधा. १६ तारखेला व्यवस्थापनाने हे बहुतेक मान्य केलं. वालेसाने संप संपल्याचं जाहीर केलं आणि लोक घराकडे निघाले.

तेव्हा गेटवर कोण उभं राहिलं? आन्नाबाई, आलिना पिएन्कोव्स्का नावाची गोदीतली नर्स आणि आदल्या दिवशी भर रस्त्यात ट्राम थांबवून संपात उतरलेली हेन्रिका क्षिवोनोस. तुमचं पदरात पडलं, पण तुमच्यासाठी बंद पडलेल्या छोट्या कारखान्यांचं, ट्रामवाल्यांचं काय? या बायकांनी बाहेर पडणाऱ्या माणसांना गेटातून परत फिरवलं. ‘सॉलिडॅरिटी’ (एकजूट) हे युनियनचं नाव पुढे आलं, गोष्ट त्या दुपारी घडली. पोप तिथे नव्हता. मॉस्कोत गोर्बाचोव्ह सत्तेवर यायला अजून साडेचार वर्षं होती.

मग लाकडी फळ्यांवर एकवीस मागण्या रंगवल्या आणि गेटवर टांगल्या. पहिली: पक्षापासून आणि मालकापासून स्वतंत्र युनियन. पुढे संपाचा हक्क, राजकीय कैद्यांची सुटका, बाळंतपणाची तीन वर्षांची भरपगारी रजा, घरासाठी ताटकळावं लागतं ती वर्षं कमी करा, शनिवारची सुट्टी, पक्ष आणि पोलिसांचे खास लाभ बंद करा. कारखाने विका, शेअर बाजार उघडा, असं त्यात एक अक्षर नाही. समाजवादाने जे कबूल केलं होतं तेच समाजवादी सरकारकडे मागितलं होतं. वर्षभरात साडेतीन कोटींच्या देशात सॉलिडॅरिटीचे एक कोटीच्या आसपास सभासद झाले. त्यात कम्युनिस्ट पक्षाचेच लाखो सभासद होते. एक कोटी माणसं भाबडी?

१३ डिसेंबर १९८१ ला रविवारी पहाटे लष्करी कायदा लागला. फोन बंद, टीव्हीवर बातम्या देणारे लष्करी गणवेशात. तीन दिवसांनी वुयेक कोळसा खाणीत नऊ खाणकामगार गोळ्यांनी मारले. ते सरकार माझ्या लेखी त्या दिवशीच पडलं. उरलेली साडेसात वर्षं फक्त हिशेब पुरा व्हायला लागली.

रात्रपाळी

वाक्य माझंच आहे आणि मी ते मागे घेत नाही.

शाईताई, तुमची गोष्ट १९८१ ला थांबते. सोयीचं आहे. मी पुढची सांगतो. १ जानेवारी १९९० पासून नव्या सरकारचे अर्थमंत्री बाल्सेरोविच यांची योजना लागू झाली. अनुदानं काढली, भाव मोकळे सोडले, पगारांना मात्र कराची वेसण घातली. जिथे बेकारी हा शब्द माहीत नव्हता तिथे १९९३ पर्यंत शंभरातली सोळा माणसं कामाविना. सरकारी शेतांवर राबणाऱ्यांना तर कुणी विचारलंही नाही. आणि तुमची लेनिन गोदी? १९९६ ला दिवाळखोर. सोळा वर्षांपूर्वी ज्या गेटावर फळ्या टांगल्या होत्या, त्याच गेटावर. त्या एकवीस मागण्या घेऊन बसा आणि १९९० नंतर किती पुऱ्या झाल्या ते सांगा. घराची मागणी? पाळणाघरांची?

अजून एक, जे तुम्ही लिहिलं नाही. तुमच्या आन्नाबाई स्वतः १९८९ च्या, सरकार आणि सॉलिडॅरिटी यांच्यातल्या गोलमेज कराराच्या विरोधात होत्या. सॉलिडॅरिटीचा नेता झालेल्या वालेसाने आणि सल्लागार मंडळींनी वरच्या वर सौदा केला, कामगार खालीच राहिले, असं त्या शेवटपर्यंत म्हणत होत्या. पैशाचंही सांगा. अमेरिकन कामगार संघटनांकडून आणि तिकडच्या सरकारकडून पैसा आणि छपाईची सामग्री भूमिगत सॉलिडॅरिटीपर्यंत पोचत होती, हे आता कुणी नाकारत नाही.

भाबडे हा शब्द तुम्हाला लागला. मी तो तुच्छतेने लिहिला नव्हता. माझे बाबा गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत. तुमच्या वुयेक खाणीनंतर पाच आठवडेही झाले नव्हते. अडीच लाख माणसं बाहेर होती आणि त्यांचीही एक मोठी मागणी तीच: जी युनियन आम्हाला नको ती कायद्याने आमच्या डोक्यावर का? आमची युनियन आम्ही निवडू. ग्दान्स्कमध्ये निदान उपपंतप्रधान टेबलाशी येऊन बसला. आमच्या बाबांशी कुणी बोललं नाही. आईने पोळीभाजीचे डबे केले, मोठी बहीण दहावीनंतर घरी बसली, बाबा शेवटी त्याच रस्त्यावरच्या एका टॉवरचे वॉचमन झाले. दत्ता सामंतांचा फोटो मात्र भिंतीवरून काढला नाही. मी त्यांना भाबडे म्हणतो. प्रेमानेच म्हणतो. पण म्हणतो.

जमाखर्च

भावना बाजूला ठेवून आकडे बघू या का?

पोलंडच्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख गिएरेक यांनी सत्तरच्या दशकात पाश्चात्त्य बँकांकडून कर्ज काढून यंत्रं आणि परवाने आणले. तिथला माल तिकडेच विकून कर्ज फेडायचं, असा बेत. तो माल कुणी घेतला नाही. १९८० ला कर्ज वीस अब्ज डॉलरच्या वर गेलं होतं, १९८९ ला चाळीस अब्जांच्या आसपास. परकीय चलनासाठी मांस निर्यात करायचं आणि घरच्यांना कूपनं द्यायची. साखर १९७६ पासून कूपनावर, मांस १९८१ पासून. हे सरकार पोपने पाडलं नाही आणि कामगारांनीही पाडलं नाही, उधारीने पाडलं.

गोदीचं म्हणाल तर तिची जहाजं सोव्हिएत युनियन घेत होता म्हणून ती चालत होती. घेणारा गेला, गोदी गेली. लपवलेली बेकारी उघड झाली एवढंच. गिरण्यांचंही तेच. संप झाला नसता तरी त्या गेल्याच असत्या. नातेवाइकांच्या गोष्टींनी अर्थशास्त्र बदलत नाही.

रात्रपाळी

‘एवढंच’?

जमाखर्च साहेब, गिरण्या गेल्या असत्या हे मला चाळीस वर्षं लोक सांगतायत. गिरणी जाणं आणि गिरणीच्या जमिनीवर टॉवर उभा राहून त्याच्याच दारात साचेवाल्याने रात्रपाळीला खुर्ची टाकून बसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला अर्थशास्त्र म्हणा. दुसरीला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. माझं हे नाव त्या खुर्चीवरून आलंय. माझ्या वडिलांवर पुन्हा असं लिहू नका.

जमाखर्च

तुमच्या वडिलांबद्दल अनादर नव्हता. वाक्य रुक्ष होतं, मान्य. मुद्दा कायम.

दर्यावर्दी

मी वाचून सोडून देणारा माणूस. पण पोलंड म्हटल्यावर राहवत नाही.

१९८२ च्या वसंतात आमचं जहाज ग्दिनियाला लागलं होतं. लष्करी कायदा चालू. मी जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर, वय सव्वीस, वेंगुर्ल्याहून सरळ समुद्रावर गेलेला, राजकारणातलं ओ की ठो कळत नसे. बंदरात डॉलरवर चालणारी पेवेक्सची दुकानं होती, तिथे हॅम, कॉफी, चॉकलेट, सगळं मिळे. बाहेर साध्या दुकानात फळीवर व्हिनेगरच्या बाटल्या आणि मोहरी. साबणही कूपनावर. आम्ही मंडळी जाताना साबणाच्या वड्या खिशात घालून जायचो.

आमच्या जनरेटरच्या कामाला एक पोलिश इलेक्ट्रिशियन यायचा. पन्नाशीचा, शांत. त्याच्या कोटाच्या कॉलरला एक रेझिस्टर, विजेच्या सर्किटात बसवतात तो छोटा तुकडा, टाचलेला. दोन तारा वळवून नीट पिनेसारखा बसवलेला. मला वाटलं, खिशातून पडू नये म्हणून अडकवला असेल. दुसऱ्या दिवशी तोच कोट, तोच रेझिस्टर. मी बोटाने दाखवून विचारलं, किती ओहमचा? तो हसला नाही. त्याने दरवाजाकडे बघितलं, कॉलर आत दुमडली आणि एकच शब्द बोलला, “ओपोर.” पुढे एकाने सांगितलं की त्यांच्या भाषेत ओपोर म्हणजे विरोध, आणि रेझिस्टरलाही त्याच मुळाचा शब्द. सॉलिडॅरिटीचा बिल्ला लावायला बंदी, म्हणून लोक हे लावत. हे लावल्याबद्दलही पकडत.

निघताना मी त्याला चार साबण दिले. त्याने दोन घेतले, दोन परत केले.

रात्रपाळी, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. पण तो माणूस भाबडा नव्हता. काय होऊ शकतं ते माहीत असून तो कॉलर तशी ठेवून यायचा.

रात्रपाळी

काका, नमस्कार पोचवला असता. २००९ ला गेले. तुमची गोष्ट दोनदा वाचली. त्या माणसाचं १९९३ साली काय झालं असेल, एवढाच माझा प्रश्न आहे.

पंचगंगाकाठ

पोलंडचा विषय निघाला आणि कोल्हापूरचं नाव नाही, हे काय बरोबर नव्हं.

१९४३ ते ४८ आमच्या वळिवड्यात पाच हजारांच्या आसपास पोलिश माणसं ऱ्हात होती. बहुतेक बाया आणि पोरं. बराकी, शाळा, चर्च, दवाखाना, सगळं त्यांचं त्यांनी उभं केलेलं. आज कापड घ्यायला सगळा जिल्हा जातो ते गांधीनगर त्याच जागेवर. ते गेले आणि फाळणीनंतर सिंधी लोक त्या बराकीत आले. महावीर उद्यानात त्यांचा स्तंभ आहे. ख्रिश्चन दफनभूमीत कबरी आहेत.

माझी आज्जी बारा-तेरा वर्षांची असताना तिच्या आईबरोबर डोक्यावर दुधाची कासंडी घेऊन छावणीत जायची. ‘जेन दोब्री’ म्हटलं की बाया कौतुकानं गालाला हात लावायच्या, हे ती मरेपर्यंत सांगायची. त्या बायांनी एक-दोन-तीन मराठीत शिकून घेतलं होतं, पैसं मोजायला. आज्जीला एवढंच कळायचं की ह्यांचे पुरुष कुठं दिसत नाहीत. विचारलं की बाया बोटानं वर, लांब, उत्तरेला दाखवायच्या आणि गप्प.

ही माणसं इथं आली कशी? १९३९ ला हिटलर पश्चिमेकडनं शिरला, स्टॅलिन पूर्वेकडनं. १९४० च्या फेब्रुवारीत, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, लोकांना अर्ध्या रात्री उठवून मालगाडीत भरून सायबेरियात पाठवलं. हिटलर रशियावर उलटला तेव्हा ४१ साली सोडलं. मग इराण, कराची करत इथं. कम्युनिस्ट सरकार पोलंडमध्ये पडलं कसं ते इचारता, पयला ते बसलं कसं ते बघा की.

रात्रपाळी

माहिती चांगली आहे, पण अवांतर. १९४० ची सायबेरिया आणि १९८० ची गोदी यांचा संबंध लावणं ताणलेलं आहे. शिवाय पूर्वेकडून हलवलेले हे लोक बहुतांशी जमीनदार, सरकारी अधिकारी, निवृत्त सैनिक वसाहतदार. एका वर्गाचे होते. सरसकट सामान्य पोलिश जनता म्हणू नका.

पंचगंगाकाठ

वर्ग?

रात्रपाळी, तुमच्या बाबांचं वाचून मला भरून आलं होतं. आणि आता तुम्ही आज्जीच्या दुधाच्या गिऱ्हाइकांचा वर्ग काढता? छावणीत हजारांनी पोरं होती. आठ वर्षांच्या पोराचा वर्ग कुठला, दुसरी का तिसरी? त्या गाड्यांत जंगलखात्याचे राखणदार होते, चार एकरवाले शेतकरी होते, मास्तर होते. जमीनदाराच्या बायका कासंडीवालीच्या गालाला हात लावत नाहीत, एवढं आम्हालाबी कळतं. दोन लोकांचं दुःख आहे, एकाला डोक्यावर घेता, दुसऱ्याला कागद मागता. हे वंगाळ आहे.

निळी शाई

पंचगंगाकाठ, शांत. पण मुद्दा तुमचाच बरोबर आहे आणि तो अवांतर नाही.

रात्रपाळी, संबंध मी सांगते. त्या बायकांचे पुरुष “उत्तरेला” होते. त्यांतल्या किती जणींचे नवरे १९४० च्या वसंतातच कातीनच्या जंगलात आणि इतर ठिकाणी मारले गेले होते, हे वळिवड्यात कुणालाच माहीत नव्हतं. सुमारे बावीस हजार पोलिश अधिकारी, पोलीस, डॉक्टर, वकील. सोव्हिएत सरकारने ते जर्मनांच्या माथी मारलं आणि पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने पंचेचाळीस वर्षं तेच खोटं शाळांतून शिकवलं. मॉस्कोने कबूल केलं १३ एप्रिल १९९० ला. ज्या सरकारला लोकांना त्यांच्या बापाचा मृत्यूदिन खरा सांगता येत नाही, ते कितीही घरं बांधो, त्याचा पाया कसला? १९८० ची माणसं त्याच घरांत वाढली होती.

अजून एक गोष्ट, जी मला नेहमी हलवून जाते. लष्करी कायदा लावणारे जनरल यारुझेल्स्की आणि त्यांचा तो काळा चष्मा. तो रुबाबासाठी नव्हता. १९४१ ला त्यांनाही आईवडिलांसकट सायबेरियात नेलं होतं. बर्फाच्या चकाकीने डोळे गेले ते तिथेच. वडील तिथेच वारले. म्हणजे वळिवड्याच्या बायका आणि हा जनरल एकाच संकटातून निघालेले. त्या इराणच्या वाटेने दक्षिणेला आल्या, तो सोव्हिएत छत्राखालच्या पोलिश सैन्यात शिरला.

ओद्राकाठ

पोलंडमध्ये, व्रोत्सवाफला नऊ वर्षं आहे, म्हणून लिहितो. आधी एक विनंती: वालेसा नाही, वावेन्सा. मराठी वर्तमानपत्रांनी तेव्हा इंग्रजीवरून वाचलं ते अजून चाललंय. इथे ‘वालेसा’ म्हटलं तर लोकांना कळतच नाही.

आता अवांतरातलं एक दुरुस्त करू दे, कारण दोन्ही बाजूंनी आकडे फुगतात. मागच्या एका चर्चेत कुणीतरी वीस लाख पोलिश लोक सायबेरियात नेले असं ठोकलं होतं. सोव्हिएत दफ्तरं उघडल्यावर चार लाटांचा मिळून आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास निघाला. कैदेत टाकलेले, जबरीने सैन्यात घेतलेले त्यात नाहीत. सव्वातीन लाख पुरेसे भयंकर आहेत, वाढवायची गरज नाही.

माझी घरमालकीण त्र्याऐंशी वर्षांची आहे. तिचं माहेर ल्वूफचं, आता ते युक्रेनमध्ये. १९४५ ला याल्टाच्या बैठकीत नकाशा सरकला, ल्वूफची माणसं इकडे आणून टाकली, इथले जर्मन हाकलले. व्रोत्सवाफमधली निम्मी घरं अशी दुसऱ्याच्या घरात सुरू झाली. ती एका कारखान्यात मोटारींना वेटोळी घालायची. रांगांचं सगळं तिला पाठ आहे: पहाटे कागदावर नंबर लावायचा, दर काही तासांनी हजेरी, चुकली की नाव कट. शेजारच्या आजोबांना रांगेत उभं राहायचे पैसे द्यायची. ऐंशी साली सॉलिडॅरिटीत गेली, नवऱ्याला लष्करी कायद्यात काही महिने डांबलं. आणि एक्क्याण्णवला कारखान्याने तिला काढलं. पन्नाशीला दोन वर्षं होती. पुढे दहा वर्षं लोकांचे जिने पुसले.

मी तिला एकदा विचारलं, मग पस्तावता का? तिला राग आला. म्हणाली, माझी नोकरी यांनी घेतली म्हणून त्यांनी माझ्या नवऱ्याला डांबलं ते बरोबर ठरतं का? दोन वेगळ्या तक्रारी आहेत, एक दुसरीत वळती करू नकोस. जमाखर्च यांच्यासाठी सांगतो, तिनेही ‘वळती’ याच अर्थाचा हिशेबाचा शब्द वापरला होता.

जमाखर्च

ठीक. पण तुमच्या मालकीणबाई आज ज्या देशात राहतात तो देश १९८९ च्या पोलंडपेक्षा कितीतरी श्रीमंत आहे, हेही खरं ना? शेजारचा युक्रेन आणि पोलंड १९९० ला एकाच पायरीवर होते. आज बघा. बाल्सेरोविच नसते तर हे झालं असतं?

ओद्राकाठ

देश श्रीमंत झाला हे खरं. पण पोलंडची तीनचतुर्थांश शेती कम्युनिस्ट काळातही खासगीच होती, १९५६ नंतर सामुदायिक शेतीचा नाद सोडला होता. चर्च शाबूत होतं. कर्जाचा मोठा भाग पुढे देणेकऱ्यांनी सोडून दिला. शेवटी युरोपियन युनियनचा पैसा आला. सगळं श्रेय एका योजनेला देऊ नका. आणि १९९३ च्या निवडणुकीत लोकांनी जुन्या कम्युनिस्टांच्याच नव्या पक्षाला निवडून दिलं, १९९५ ला वावेन्साला राष्ट्राध्यक्षपदावरून घरी पाठवलं. ज्यांनी सोसलं त्यांचं मत काय होतं ते मतपेटीत नोंदलेलं आहे.

जमाखर्च

कर्जमाफीचा मुद्दा मी धरला नव्हता. तेवढा मान्य.

रात्रपाळी

ओद्राकाठ, मालकीणबाईंचं वाक्य लिहून ठेवलंय.

मी दोन दिवस लिहिलं नाही, कारण शाईताईंनी दिलेल्या एकवीस मागण्या शेवटपर्यंत वाचत होतो. खरं सांगायचं तर आजवर फक्त त्यांच्याबद्दलच वाचलं होतं, त्या वाचल्या नव्हत्या. परकीय चलनाची खास दुकानं बंद करा, हीसुद्धा त्यात आहे. दर्यावर्दी काकांची पेवेक्स. ही मागणी आमच्या चाळीतल्या कुठल्याही माणसाने केली असती.

१९८९ बद्दल माझं मत तेच आहे. ४ जूनच्या निवडणुकीत सॉलिडॅरिटीने सिनेटच्या शंभरपैकी नव्व्याण्णव जागा जिंकल्या हे सगळे सांगतात. मतदान बासष्ट टक्केच झालं हे कुणी सांगत नाही. दहा वर्षांनी आलेल्या पहिल्या संधीला एक तृतीयांशाहून जास्त देश घरी बसला. तो थकलेला कामगार होता आणि त्याच्या नावाने दुसऱ्यांनी पुढचा कारभार केला. आन्नाबाई हेच म्हणत होत्या.

पण ‘भाबड्या कामगारांनी आपलंच राज्य मोडलं’ हे वाक्य चूक होतं. राज्य त्यांचं नव्हतंच. ते वाक्य मागे घेतो. गोर्बाचोव्हबद्दलचं नाही. टँक न पाठवण्याचा निर्णय त्याचा होता.

पंचगंगाकाठ, वर्गाबद्दल जे लिहिलं ते लिहायला नको होतं.

निळी शाई

बासष्ट टक्क्यांचं मी टाळलं होतं. खरं आहे.

ओद्राकाठ

आन्नाबाईंवरून आठवलं. १० एप्रिल २०१० ला कातीनच्या सत्तराव्या स्मृतिदिनाला निघालेलं पोलिश राष्ट्राध्यक्षांचं विमान स्मोलेन्स्कला कोसळलं. शहाण्णव माणसं गेली. त्यात आन्ना वालेंतिनोविच होत्या. त्याच विमानात रिशार्द काचोरोव्स्की होते. हे पण सायबेरियाचे, कोलिमाला पाठवलेले. लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारचे शेवटचे राष्ट्राध्यक्ष. वळिवड्याच्या छावणीतले लोक ज्या सरकारला आपलं मानत, ते हेच. १९४५ ला ब्रिटनने त्याची मान्यता काढली तरी ते पंचेचाळीस वर्षं तसंच चालू राहिलं आणि २२ डिसेंबर १९९० ला काचोरोव्स्कींनी वॉर्साला येऊन जुनी राजचिन्हं वावेन्साच्या हाती दिली.

तेव्हा वळिवडं या धाग्यात अवांतर होतं असं मला वाटत नाही.

पंचगंगाकाठ

रात्रपाळी, झालं गेलं. कोल्हापूरला आलात तर सांगा, स्तंभ दाखवायला नेतो.

ओद्राकाठ, तुमच्याकडं एक काम आहे. आज्जीच्या ट्रंकेत एक फोटो निघालाय. बराकीसमोर एक गोरी बाई, शेजारी आज्जी, दोघींच्या मधी कासंडी. मागं पेन्सिलीनं लिवलंय, पुसट झालंय. व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. काय लिवलंय बघा जरा.

ओद्राकाठ

बघितला. मालकीणबाईंनाही दाखवला, त्यांनी भिंग घेऊन वाचला. वर ‘ना पमिओन्तकेन’, म्हणजे आठवण म्हणून. खाली वळिवडे, १९४६. बाईचं पहिलं नाव लागतं, आडनाव पुसलंय. त्याखाली एक शब्द मला कळत नव्हता. पोलिश नाहीच, असं मालकीणबाई म्हणाल्या. मग मी मोठ्याने वाचला तेव्हा कळलं. त्यांच्या लिपीत ‘दूध’ लिहिलंय.

पंचगंगाकाठ

ती माघारी पोलंडला गेली का दुसरीकडं, हे कळायची काय सोय आहे का?

ओद्राकाठ

आडनावाशिवाय अवघड. बरेच जण परतले नाहीत, कारण त्यांची गावं सोव्हिएत हद्दीत गेली होती. काही इंग्लंड, काही ऑस्ट्रेलिया. मालकीणबाई म्हणतात, फोटोची मागची बाजू तिरक्या उजेडात धरून पुन्हा काढा, पेन्सिलीचा दाब दिसतो कधी कधी.

पंचगंगाकाठ

उद्या सकाळी काढतो.